छत्री नसलेल्या माणसाची मुंबई

अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आपण विरहाचं गाणं म्हणून ऐकतो. मैनेच्या रूपाचं वर्णन झालं की बरेच जण स्क्रोल करून पुढे जातात. मुंबई तर त्यानंतर येते.

गाव सोडताना हा माणूस बायकोला दागिन्यांची वचनं देत सुटतो. तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नथ. पण तिची कळी काही खुलत नाही. एवढं कबूल करणाऱ्याच्या गाठोड्यात फक्त भाकरतुकडा आहे, हे तिला दिसतंय. मग मुंबईत दुसरी यादी सुरू होते: यंत्रं, हडसन मोटार, नायलॉनच्या आणि जॉर्जेटच्या साड्या, बुटांचे जोड, माडीवर माडी. दोन्ही याद्यांचा ठेका एकच. तिला जे देतो म्हणाला त्याहून भारी माल इथे डोळ्यांसमोरून जातोय, याच्या हाताला मात्र काही लागत नाही.

तो चिडलाय हे खरं. चोर आणि ऐतखाऊही त्याच दमात मोजतो. पण जॉर्जेट किती तलम असते, हे त्याने नीट पाहून ठेवलंय. नुसता तिटकारा असलेला माणूस कापडाचा पोत लक्षात ठेवत नाही. आणि मग पाऊस. खिसे भरतात ते पाण्याने, कारण साधी छत्री नाही. अख्ख्या रचनेत मला सगळ्यात जास्त लागते ती ही छत्री.

औरंगपुऱ्यात पुस्तकं घेत हिंडणारी आपल्यातली कितीतरी पोरं पुढे रात्रीची देवगिरी पकडून मुंबईला जातात. मरीन ड्राइव्हचे फोटो घरी येतात; खोलीत किती जण झोपतात ते येत नाही. दागिन्यांची यादीच ही, दुसरं काय!

अण्णा भाऊ १९२० साली वाटेगावात जन्मले, लहानपणी घरच्यांसोबत चालत मुंबईला आले, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचा थाट गायला होता. अण्णा भाऊंनी आपल्या ‘मुंबईची लावणी’त मलबार हिलसमोर परळ उभं केलं. ती रचना धारदार आहे, पण तिथे कोण कुठल्या बाजूला हे आधीच ठरलंय. ‘मैना’ तशी नाही. तिथे हव्यास आणि संताप एकाच तोंडून येतात.

शेवट मात्र मला खटकतो. मैनेची ताटातूट म्हणजे खंडित महाराष्ट्राची ताटातूट, असं म्हणत गाणं बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावकडे वळतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत, अमर शेखांच्या आवाजात, ते वळण अंगावर काटा आणत असणार. वाचताना मात्र गावदरीला हात उंचावून उभी राहिलेली बाई बघता बघता नकाशा होऊन जाते. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, ते चार भाग बाहेर राहिले. आणि तिचे तोडे? त्यांचा विषय गाण्यात पुन्हा निघत नाही.