जास्वंदीला फळ कुठे आहे?

चौथीच्या वर्गात आम्ही फुलाचे भाग शिकवत होतो. जास्वंदीचे फूल उभे चिरून पाकळ्या, पुंकेसर, कुक्षी, अंडाशय असे सारे मुलांना दाखवले. मग फळ्यावर नेहमीची वाक्ये लिहिली : मधमाशी परागकण आणते, फलन होते, अंडाशयाचे फळ बनते. एका मुलीने विचारले, "बाई, आमच्या दारात जास्वंद आहे. तिला फळ कधी लागतं?" तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही.

आपल्या अंगणातल्या जास्वंदीला सहसा फळ धरत नाही. तिची लागवड आपण फांदी खोचून करतो. तिच्यावर येणारा शिंजीर पुष्कळदा फुलाच्या बुडाशी चोच खुपसून मकरंद पितो; परागकणांना त्याचा स्पर्शही होत नाही. म्हणजे फुलापासून फळ कसे होते हे शिकवण्यासाठी आपण नेमके फळ न देणारे झाड निवडले आहे. फूल मोठे, भाग ठळक, बाराही महिने मिळणारे, म्हणून ते सोयीचे. आकृती काढायला जास्वंद उत्तमच आहे. पण तिच्यावरून परागणाची प्रक्रिया शिकवली, की मुलांना डोळ्यांनी दिसते ते खोटे आणि फळ्यावरचे खरे, असा धडा नकळत दिला जातो. विज्ञानाच्या तासाला याहून मोठे नुकसान ते कोणते?

दुसरा आक्षेप पाठाच्या तुकड्यांवर आहे. जूनमध्ये ओल्या कापसावर हरभरा किंवा मटकी रुजत घालायची, मोड आणि दोन पाने दिसली की वहीत चित्र काढायचे. 'रोपाची वाढ' संपली! ते रोप पुढच्या आठवड्यात केराच्या टोपलीत जाते. फूल काही महिन्यांनी, दुसऱ्याच झाडाचे, दुसऱ्याच पाठात येते. बी ते बी हे वर्तुळ पुरे झालेले मुलांना कधीच दिसत नाही. मग बी दुकानातून येते, असे एखाद्याने लिहिले तर त्याला चूक कसे म्हणावे?

तिसरा आक्षेप भाषेवर. 'मधमाशी फुलाला मदत करते' असे आपण सहज म्हणतो. वास्तविक मधमाशी येते ती स्वतःसाठी मकरंद आणि पिल्लांसाठी पराग गोळा करायला. तिच्या मागच्या पायांवर दिसणारे पिवळे गोळे मुलांना फार आवडतात. पण ते बहुतांशी पोळ्यात जाणारे अन्न असते. फुलाच्या उपयोगी पडतात ते तिच्या अंगावरच्या केसांत अडकलेले कण. परागण हा तिच्या पोटापाण्याच्या उद्योगातून घडणारा आनुषंगिक परिणाम आहे. परोपकाराची गोष्ट सांगितली, की हे सगळे कुतूहलच संपते.

तसेच 'मधमाश्या नसतील तर अन्नच मिळणार नाही' हे वाक्य. मका, बाजरी यांचे परागण वाऱ्याने होते. भात आणि गहू मुख्यतः स्वपरागित आहेत. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत 115 प्रमुख पिकांपैकी 87 पिके कमीअधिक प्रमाणात कीटक-पक्ष्यांसारख्या परागवाहकांवर अवलंबून असल्याचे दिसले. उत्पादनाच्या वजनाने पाहिले तर या पिकांचा वाटा सुमारे 35 टक्के भरला. भाकरी उरेल, पण ताटातल्या अनेक भाज्या आणि फळे कमी होतील. एवढे सत्य पुरेसे गंभीर आहे, ते फुगवण्याची गरज नाही.

या दोषांवर अमेरिकेत एक उपाय निघाला. विस्कॉन्सिन विद्यापीठातील वनस्पती-रोगतज्ज्ञ पॉल विल्यम्स यांनी मोहरीच्या कुळातील एका वनस्पतीचा झटपट वाढणारा वाण तयार केला. तो सुमारे 14 दिवसांत फुलतो आणि 40 दिवसांच्या आसपास त्याचे बी तयार होते. या रोपाला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या रोपाचा लागतो. म्हणून मुले वाळलेल्या मृत मधमाशीचे शरीर काडीला चिकटवतात आणि ती काडी फुलाफुलांवर फिरवतात. वर्तुळ पुरे होते, माशीच्या केसांचे कामही दिसते. ही योजना आम्हाला मनापासून आवडते. पण तिला दिवसरात्र नळीदिव्यांचा उजेड हवा. आपल्या कित्येक शाळांत तो कोठून आणावा? शिवाय माशी फुलावर का येते, हा मूळ प्रश्न काडीवरची माशी विचारूच देत नाही.

आमच्या मते आपले उत्तर कुंपणावर आहे : लाल भोपळा. पावसाच्या सुरुवातीला टोकलेले बी साधारण दीड-दोन महिन्यांत फुलावर येते. नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलासा भोपळा असतो, तो लहान मूलही ओळखते. परागकण जड आणि चिकट, वाऱ्याने न उडणारे. उद्या उमलणाऱ्या काही मादी कळ्यांना आदल्या संध्याकाळी पातळ कापडाच्या पिशव्या बांधाव्यात. दोन-तीन नर कळ्यांनाही बांधाव्यात. सकाळी काही मादी फुले बांधलेलीच ठेवावीत. काही उघडून, झाकलेल्या नर फुलाचे परागकोश त्यांच्या कुक्षीवर हलकेच फिरवून पुन्हा बांधावीत. काही फुले पहिल्यापासून मोकळी ठेवावीत. बांधलेल्या फुलांचे इवले भोपळे काही दिवसांत पिवळे पडून गळतात. हाताने पराग लावलेल्यांपैकी पुष्कळसे वाढू लागतात. वेल इतर कारणांनीही फळ गाळतो, म्हणून प्रत्येक प्रकारची निदान तीन-चार फुले हवीत. एकाच फुलावरून निष्कर्ष काढू नये, हाही पाठाचाच भाग.

शेजारी दुधी असेल तर अधिकच बरे. त्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्याकडे पतंग येतात. परागण म्हणजे फक्त मधमाशी नव्हे, हे न सांगता कळते. निरीक्षण मात्र दूर बसून, माशीला न डिवचता करावे. जवळपास आग्यामोहोळ असेल तर ती जागा टाळावी.

अडचण एकच आहे आणि ती लहान नाही. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते व दुपारपर्यंत मिटते. अकराची शाळा भरून, प्रार्थना-हजेरी होऊन आपण बाहेर पडेपर्यंत माश्यांचे काम बहुतेक आटोपलेले असते. फुले आणि कीटक यांचे नाते उलगडणारे पुस्तक 1793 साली लिहिणारा श्प्रेंगेल हा बर्लिनजवळच्या श्पांडाऊ येथील एका शाळेचा प्रमुख होता. पण तो फुलांपाशी जाऊन बसत असे, फुलाला वर्गाच्या वेळेत बोलावत नसे. आपल्याकडे शनिवारची सकाळची शाळा असते. श्रावण-भाद्रपदातला एक तरी शनिवार वेलापाशी घालवायला काय हरकत आहे? जास्वंदीबद्दल विचारणाऱ्या त्या मुलीचे एक उत्तर आपण देणे लागतो.