साक्षीदाराच्या हाती कॅमेरा

कुरुक्षेत्रावरील युद्धाची वार्ता धृतराष्ट्राला संजयाकडून कळली, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. संजय हा विवेकी आणि निर्भीड पुरुष. तथापि तो राजसभेतला होता, आणि तो जे सांगे ते राजाला सांगे. त्याच महाभारताच्या स्त्रीपर्वात दिव्यदृष्टी आणखी एका व्यक्तीस लाभते. ती म्हणजे गांधारी. संजयाला व्यूह दिसले, महारथी दिसले. गांधारीला प्रेते दिसली आणि त्या प्रेतांपाशी आक्रोश करणाऱ्या सुना दिसल्या. रणभूमी एकच, पण पाहणारे माणूस बदलले की कथाही बदलते. युद्धाशी ज्यांचा संबंध केवळ ते भोगण्यापुरता असतो, अशा सामान्य नागरिकांच्या हाती चलच्चित्राचा कॅमेरा देऊन त्यांची कथा त्यांनाच सांगू द्यावी, हा विचार गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगात रुजला. त्याच्या मुळाशी हीच जाणीव आहे. तो विचार कितपत फळास आला, आणि अशा कलाकृतींचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

या विचारास चालना मिळाली ती 1991 सालच्या मार्च महिन्यात. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात रॉडनी किंग नामक कृष्णवर्णी नागरिकास पोलिसांनी केलेली मारहाण एका रहिवाशाने आपल्या घराच्या गॅलरीतून घरगुती कॅमेऱ्याने टिपली, आणि ती साऱ्या जगाने पाहिली. पुढल्याच वर्षी संगीतकार पीटर गॅब्रिएल यांच्या पुढाकाराने ‘विटनेस’, म्हणजेच ‘साक्षी’, ही संस्था निघाली. अन्यायाच्या जागी राहणाऱ्यांच्या हाती कॅमेरे पोहोचविले की सत्य आपोआप प्रकाशात येईल, अशी आरंभीची श्रद्धा होती. परंतु नुसत्या कॅमेऱ्याने भागत नाही, हे त्या संस्थेस लवकरच अनुभवाने कळले. लेखणी हाती देणे हे एक काम आणि लिहावयास शिकविणे हे दुसरे. काय टिपावे, कोणाचा चेहरा झाकावा, टिपलेले कोठे जपून ठेवावे, हे सारे शिकवावे लागते. इस्रायलमधील ‘बेत्सेलेम’ या मानवी हक्कांच्या संस्थेने 2007 साली पश्चिम किनाऱ्यावरील पॅलेस्टिनी कुटुंबांस कॅमेरे देण्यास आरंभ केला, तोही चित्रणाचे शिक्षण जोडूनच.

मात्र शिक्षणाच्याही पलीकडे एक प्रश्न उरतो, आणि आमच्या मते तोच मुख्य प्रश्न होय. टिपलेल्या चित्रणातून निवड कोणी करावयाची?

इराकचे उदाहरण येथे बोलके आहे. 2004 साली अमेरिकी निर्मात्यांनी सुमारे दीडशे लहान कॅमेरे सामान्य इराकी लोकांत वाटले. एकाने चित्रण करावे आणि मग कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यावा, अशी योजना होती. चारशे तासांहून अधिक चित्रण जमले, आणि त्यातून ‘व्हॉइसेस ऑफ इराक’ हा सुमारे ऐंशी मिनिटांचा अनुबोधपट सिद्ध झाला. खुद्द इराकच्या जनतेनेच चित्रित व दिग्दर्शित केलेला चित्रपट, अशी त्याची जाहिरात करण्यात आली. त्यात सद्दामच्या राजवटीतील छळाच्या आठवणी आहेत, स्फोटांनी हादरलेले रस्ते आहेत, आणि परकीय वार्ताहरासमोर ज्या मोकळेपणाने कोणी बोलले नसते असे घरगुती बोलणे आहे. हे त्याचे गुण आम्ही नाकारीत नाही. परंतु हिशेब मांडून पाहावा. चारशे तासांतून ऐंशी मिनिटे, म्हणजे तीनशे मिनिटांमागे एक मिनिट. उरलेली दोनशे नव्याण्णव मिनिटे कोणी बाजूस सारली? ती निवड बगदादच्या त्या माणसांनी केली नव्हती. शिवाय अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणूक अवघ्या काही दिवसांवर असताना हा चित्रपट तेथे प्रदर्शित झाला. निर्मात्यांच्या हेतूविषयी आम्ही काहीही म्हणत नाही. हेतू निर्मळ असला तरी दोष उरतोच; टिपणाऱ्यांचे नाव पुढे करून निवडणारा स्वतः पडद्याआड राहिला, हा तो दोष होय. साक्षीदारांची साक्ष वकिलाने आपल्या शब्दांत सांगावी आणि ती साक्षीदारांचीच म्हणून नोंदवावी, तसा हा प्रकार झाला.

या पार्श्वभूमीवर ‘फाइव्ह ब्रोकन कॅमेराज’ (2011), म्हणजे ‘पाच मोडके कॅमेरे’, हा अनुबोधपट आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. इमाद बर्नात हा पश्चिम किनाऱ्यावरील बिलिन नावाच्या खेड्यातला शेतकरी. 2005 साली त्याचा चौथा मुलगा जिब्रील जन्मास आला, आणि मुलाची चित्रे घ्यावीत म्हणून त्याच्या हाती पहिला कॅमेरा आला. त्याच सुमारास इस्रायलने उभारावयास घेतलेले विभाजक कुंपण गावच्या शेतजमिनीतून जाऊ लागले, ऑलिव्हची झाडे उपटली जाऊ लागली, आणि गावकरी दर शुक्रवारी निषेधाचा मोर्चा काढू लागले. बारशासाठी आणावा तसा आणलेला तो कॅमेरा मोर्चात गेला. एकामागून एक असे पाच कॅमेरे मोडले. कोणी अश्रुधुराच्या नळकांड्याने, कोणी गोळीने. एका कॅमेऱ्याने तर गोळी स्वतःवर घेऊन धन्याचे प्राण वाचविले. प्रत्येक कॅमेऱ्याचे आयुष्य म्हणजे चित्रपटाचा एकेक अध्याय, अशी त्याची रचना आहे. ही रचना कोणा पंडिताने बाहेरून लादलेली वाटत नाही. ती जणू त्या जगण्यातूनच उगवली आहे.

चित्रपटात दोन गोष्टी समांतर वाढतात, कुंपण आणि मूल. जिब्रील बोलू लागतो तेव्हा त्याच्या पहिल्यावहिल्या शब्दांत ‘भिंत’ आणि ‘काडतूस’ हे शब्द असतात. आपल्याकडे मुलाच्या पहिल्या बोबड्या शब्दांचे केवढे कौतुक होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या एका प्रसंगाचा अर्थ सांगावा लागत नाही. गावात बासेम अबू रहमा नावाचा एक धिप्पाड, हसरा तरुण आहे. मुले त्याला ‘फील’ म्हणतात. फील म्हणजे हत्ती. आपल्या ‘फीलखाना’ शब्दातला तोच हा फील. मुलांच्या गराड्यात वावरणारा हा फील 17 एप्रिल 2009 रोजी मोर्चात छातीवर अश्रुधुराचे नळकांडे लागून मरण पावतो, आणि कॅमेरा तेथेच असतो. त्यानंतर लहानगा जिब्रील बापाला विचारतो की, तुम्ही त्या सैनिकांना सुरीने का मारीत नाही? बापाने हा प्रश्न चित्रपटात राहू दिला, हे आम्ही त्याच्या प्रामाणिकपणाचे मोठे गमक समजतो. प्रचारपट काढावयाचा असता तर हा प्रश्न प्रथम कापला गेला असता. शस्त्राविना लढणाऱ्या गावाच्या घरातही द्वेषाचे बीज कसे पडते, हे तो बाप लपवीत नाही. आणि मुलाला काय उत्तर द्यावे या विवंचनेत आपणही त्याच्यासह पडतो.

आता निवडीच्या प्रश्नाकडे वळू. या चित्रपटाचे दिग्दर्शक दोन आहेत, बर्नात आणि इस्रायली चित्रपटकार गाइ दाविदी. बर्नातने 2009 साली दाविदीस साह्यास बोलाविले. संकलनात दाविदीबरोबर व्हेरोनिक लागोआर्द-सेगो या फ्रेंच संकलिका होत्या. दाविदीने सांगितलेली एक हकीकत येथे नमूद करण्याजोगी आहे. जुने चित्रण पाहताना त्याला एक म्हातारा लष्करी जीपवर चढून ती अडविताना दिसला. हा कोण, असे विचारता बर्नात म्हणाला, हे माझे वडील. भावाला तुरुंगात नेत होते, म्हणून ते जीप अडवीत होते. तेव्हा दाविदीच्या ध्यानात आले की हा गावच्या लढ्याचा वृत्तान्त नव्हे, ही एका घराची कथा आहे. बर्नात प्रथम यास राजी नव्हता. आपल्या घरातले दुःख चव्हाट्यावर मांडावे, असे कोणाला वाटेल? म्हणजे येथेही निवडणारा दुसरा आहेच. निवेदनाची शब्दरचनाही मुख्यत्वे दाविदीची आहे. मग इराकच्या चित्रपटाहून हा वेगळा कोठे?

वेगळेपण असे की, येथे टिपणारा संकलनाच्या मेजावरून उठून गेलेला नाही. तो भांडतो, नकार देतो, मग होकार देतो, आणि दिग्दर्शक म्हणून दोघांचीही नावे उघडपणे लागतात. काय सांगावे आणि काय सांगू नये यात त्याचा शब्द चालतो. 2013 साली ऑस्करसाठी या चित्रपटाची शिफारस झाली, तेव्हा हा चित्रपट इस्रायलचा की पॅलेस्टाइनचा असा वाद माजला. बर्नातने तो पॅलेस्टिनी असल्याचे ठामपणे सांगितले. तो वाद आम्हांस अप्रिय वाटत नाही. उघडपणे भांडता येते तेथे निदान कोणाचे नाव गिळले गेलेले नसते.

या चित्रपटावर एकांगीपणाचा आक्षेप घेतला जातो, त्याचाही विचार करणे उचित होईल. सैनिक येथे बहुधा शिरस्त्राण आणि बंदूक एवढाच दिसतो, त्याचे घर दिसत नाही, हे खरे आहे. परंतु साक्षीदार जेथे उभा असतो तेथूनच त्याला दिसते. चारही दिशांचे पाहणे हे न्यायाधीशाचे काम, साक्षीदाराचे नव्हे. त्यातही मोर्चात गावकऱ्यांबरोबर चालणारे इस्रायली नागरिक येथे दिसतात, आणि बर्नातला भीषण अपघात झाला असता तेल अवीवच्या इस्रायली रुग्णालयात त्याचे प्राण वाचले, हेही चित्रपट सांगतो. आपल्या बाजूस गैरसोयीचे वाटेल असे सत्यही जो सांगतो, त्याच्या उरलेल्या साक्षीवर विश्वास बसतो.

बर्नातच्या हाती कॅमेरा घरच्या कारणाने आला. वाद अल-कातिब हिला तो कोणी दिलाच नव्हता. सीरियातील अलेप्पो शहरात विद्यापीठात शिकत असता तिने चित्रणास आरंभ केला, डॉक्टर असलेल्या हमजाशी विवाह केला, आणि वेढ्यातील रुग्णालयातच संसार मांडला. 1 जानेवारी 2016 रोजी समा ही मुलगी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांस शहर सोडावे लागले. एडवर्ड वॉट्स यांच्यासह तिने केलेला ‘फॉर सामा’ (2019) हा मुलीला उद्देशून केलेला निवेदनपट आहे. अशा शहरात मी तुला जन्म का दिला, याचा जबाब आई मुलीला देते. बर्नात आणि वाद यांच्यात देश आणि वय यांचे अंतर आहे. तरी दोघांनीही कथेची सूत्रे मुलाच्या हाती दिली, हा योगायोग आम्हांस वाटत नाही. वार्ताहर जगाला सांगतो. नागरिक आधी आपल्या घराला सांगतो. म्हणूनच त्या सांगण्यात पवित्रा कमी आणि जबाबदारी अधिक असते.

हे सारे खरे असले तरी साक्षीने न्याय मिळतो काय? उत्तर संमिश्र आहे. बिलिनच्या बाबतीत इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली कुंपणाचा मार्ग बदलण्याचा निर्णय दिला, 2011 साली तो अमलात आला, आणि गावास काही जमीन परत मिळाली. याउलट मार्च 2016 मध्ये हेब्रोन येथे, सुरीहल्ला केल्यानंतर जखमी होऊन निपचित पडलेल्या एका पॅलेस्टिनी तरुणास एका सैनिकाने डोक्यात गोळी घातली, आणि बेत्सेलेमच्या एका स्वयंसेवकाने ते टिपले. चित्रण इतके स्पष्ट होते की लष्करी न्यायालयाने सैनिकास सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले. शिक्षा अठरा महिन्यांची झाली, ती चौदांवर आली, आणि नऊ महिन्यांनी तो सुटला. चित्रणामुळे सत्य नाकारता आले नाही, परंतु त्या सत्याचे मोल ठरविणे कॅमेऱ्याच्या हाती नव्हते.

आणि किंमत मात्र साक्षीदारास रोख मोजावी लागते. बर्नातच्या चित्रपटातील आमच्या मते सर्वांत थोर प्रसंग मोर्चाचा नाही, मृत्यूचाही नाही. त्याची पत्नी सोराया एके दिवशी कळवळून म्हणते की आता पुरे झाले, हे चित्रण थांबवा. ती लढ्याच्या विरुद्ध नाही. ती थकलेली आहे. ज्या संस्था कॅमेरे वाटतात त्यांनी हा प्रसंग आवर्जून पाहावा. दिलेला कॅमेरा नवऱ्याच्या हाती जातो, पण त्याचा भार सारे घर उचलते.

असे अनुबोधपट पाहताना रसिकांनी तीन प्रश्न मनाशी विचारावेत, असे आम्ही सुचवितो: हे कोणी टिपले, यातून कोणी निवडले, आणि याची किंमत कोणी मोजली. तिन्ही उत्तरे चित्रपटातच मिळत असतील तर तो दाता आपले औदार्य मिरवीत नाही आणि साक्षीदाराला मुकाही करीत नाही, असे खुशाल समजावे. ‘पाच मोडके कॅमेरे’ या कसोटीस उतरतो. धृतराष्ट्राने युद्ध स्वतः पाहण्याचे नाकारले आणि केवळ ऐकणे पत्करले. आप्तांचा वध पाहवणार नाही, हे त्याचे कारण होते. आपल्याला ती दृश्ये आज घरबसल्या पाहावयास मिळतात, आणि त्यांतले कोणीही आपले आप्त नसतात. म्हणूनच पाहण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे. बर्नातने ज्या नेटाने ती दृश्ये टिपली, त्याच्या शतांशाने तरी नेटाने ती शेवटपर्यंत पाहावीत, एवढे आम्ही वाचकांस आग्रहाने सांगतो.