प्रियोळकरांचा गोवा : छळाची कथा की राज्याची रीत?

अ. का. प्रियोळकरांचा ‘द गोवा इन्क्विझिशन’ हा इंग्रजी ग्रंथ १९६१ साली आला. गोवा मुक्त झाला तेच हे वर्ष. साहजिकच तो पोर्तुगीजांच्या जुलमाची जंत्री म्हणून वाचला गेला. मला त्यात दुसरा एक प्रश्न दिसतो : पारंपरिक कॅथलिक तत्त्वांवर उभं असलेलं राज्य प्रत्यक्षात चालतं कसं? हा प्रश्न गोव्यापुरता नाही. आपल्या जवळच्या वसईतही १७३९ पर्यंत हाच अंमल होता.

आधी तत्त्व बघू. खऱ्या धर्माचं रक्षण हे राजाचं कर्तव्य. पण जे कधी ख्रिस्ती नव्हते त्यांच्यावर श्रद्धेची सक्ती नको, असं तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस सांगून गेले होते. मात्र एकदा धर्म स्वीकारला की मागे फिरता येणार नाही, हेही त्यांचंच. खरी मेख इथे आहे. १५६० मध्ये गोव्यात आलेल्या या न्यायासनाचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवर चालला. १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती घराच्या दारातली तुळससुद्धा गुन्हा ठरवली! बरं, आत येणं तरी खुशीचं होतं का? १५५९ चा हुकूम असा, की अनाथ हिंदू मुलं संत पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यायची. म्हणजे येताना मर्जी नाही आणि जाताना वाट नाही.

प्रियोळकरांनी कागद कष्टाने गोळा केले, हे मान्यच करायला हवं. पण ग्रंथाचा मोठा भाग दलाँ आणि ब्युकॅनन या परदेशी प्रवाशांच्या हकिकतींनी व्यापलाय. वाचक अंधारकोठडीत अडकतो आणि लगाम कुणाच्या हातात होता, हा प्रश्न मागे पडतो.

तो लगाम लिस्बनमध्ये होता. १७७४ साली तिथल्या पोंबाल या मंत्र्याने न्यायासन बंद केलं. १७७७ मध्ये राजा वारला, आणि १७७८ मध्ये ते पुन्हा उघडलं. कायमचं बंद झालं ते १८१२ साली. मंत्री कॅथलिक, नवी राणीही कॅथलिक, तत्त्व तेच. बदललं ते फक्त सिंहासनावरचं माणूस. गोव्याच्या प्रजेला ना बंद करताना विचारलं, ना उघडताना.

पुढे १९६५ मध्ये खुद्द चर्चनेच धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क मानला. म्हणून कुठल्याही धर्माच्या राज्याचं चित्र कुणी रंगवलं, तर त्याची तत्त्वं किती उदात्त आहेत हे नंतर विचारा. त्या राज्याला नको म्हणणाऱ्याची दाद कोण घेणार, हे आधी विचारा.