तू कुठं उभा होतास?

दोन वर्षांपूर्वी मी एक कथा लिहिली होती. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या एका मुलाची. पहाटेची थंडी, फडातलं पाचट, पात्यांनी कापलेले हात आणि मध्येच येणारी शाळेची आठवण. शेवट वाचताना डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याच. कौतुक होईल म्हणून ती शाळेतल्या एका मित्राला पाठवली. त्याचे आईवडील वर्षानुवर्षं ऊसतोडीला जायचे, आठवीपर्यंत तोही जायचा. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, 'चांगली आहे. पण हे सगळं होत होतं तेव्हा तू कुठं उभा होतास?'

आधी रागच आला. कथा आहे ना, मी कशाला कुठं उभा राहू? बारावीला कथेचे घटक पाठ केले होते, ते सगळे हजर होते. कथानक होतं, पात्रं होती, संघर्ष होता, वातावरण तर पोत्यानं ओतलं होतं. निवेदक हा शब्दही तेव्हा परीक्षेपुरता वाचला असणार. प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, एवढं लिहिलं की मार्क मिळायचे.

त्या मेसेजनंतर मी 'बनगरवाडी' पुन्हा वाचली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. कथानक विचाराल तर दोन ओळींत संपतं : धनगरांच्या एका वाडीवर तरुण मास्तर येतो, शाळा चालवतो, दुष्काळ पडतो, वाडी उठते, मास्तरही जातो. आजच्या वेबसिरीजवाल्याला ही गोष्ट सांगा, तो पहिल्या मिनिटाला विचारेल की यात घडतं काय.

घडतं ते मास्तरच्या उभं राहण्यात. सुरुवातीला राजाराम सौंदणीकर अंधारात एकटा वाडीकडे चाललाय. वाडी त्याला दिसण्याआधी आपल्याला दिसत नाही. तिथं कोण राहतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, मास्तरकडं लोक कसं बघतील, यातलं त्याला काही ठाऊक नाही आणि लेखकही आपल्या कानात काही सांगत नाही. माडगूळकर त्याच मुलखातले. त्यांना हे सगळं माहीत असणार. तरी त्यांनी ते मास्तरच्या हाती आयतं दिलेलं नाही. म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या मनात शिरून तो काय विचार करतोय हे मास्तर एकदाही सांगत नाही. तो कारभाऱ्याचं वागणं बघतो, बोलणं ऐकतो आणि अंदाज बांधतो. कधीकधी अंदाज चुकतोही. अंजीचं प्रकरण आठवा. चोळीसारख्या साध्या कामावरून कुजबुज सुरू होते, कारभारी तुटक वागायला लागतो, आणि आपलं काय चुकलं हे मास्तरला उमगत नाही. आपण वाचणारेही त्याच्याइतकेच गोंधळलेले. दुसऱ्या एखाद्या लेखकानं इथं कारभाऱ्याच्या डोक्यात कॅमेरा नेऊन ठेवला असता. मी तर नक्कीच.

शेकूकडं एकच बैल असतो. जोडीला दुसरा मिळत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी उभी राहून औत ओढते. हा प्रसंग सोशल मीडियावर कुणी लिहिला असता तर खाली रडक्या इमोजींची रांग लागली असती. इथं मास्तर तो जवळजवळ कोरडेपणानं सांगतो. त्याला दया येत नाही असं नाही. पण त्या बाईच्या खांद्याला काय वाटत होतं हे त्याला माहीत नाही, म्हणून तो बोलत नाही. त्या बाईचं आतलं जग आपल्यापर्यंत येतच नाही, ही मला कादंबरीची मर्यादा वाटते. पण ती मर्यादा मास्तरची आहे आणि कादंबरी ती लपवत नाही.

वातावरण म्हणजे मागचा पडदा, असं मी धरून चाललो होतो. इथं पाऊस पडत नाही आणि पुढचं सगळं त्यातूनच येतं. चारा संपतो, मेंढरं मरायला लागतात, माणसं जगायला बाहेर पडतात, शाळेत पोरं उरत नाहीत. शेवटी मास्तरची बदली होते. पगारी माणसाला बदली असते, मेंढरांना नसते. वाडी सोडण्याची सोय पहिल्या दिवसापासून त्याच्या खिशात होती, हे आपल्याला तिथं जाणवतं.

आणि ज्याच्या खिशात अशी सोयच नाही तो 'मी' म्हणाला तर? बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३चा. त्याच नावाच्या कथेतला 'मी' परक्या गावात रेल्वेच्या नोकरीवर येतो आणि जात लपवून राहतो. ज्याला आपण ट्विस्ट म्हणतो तो बागुलांनी शीर्षकातच खर्चून टाकलाय. लपवलंय काय ते पहिल्या ओळीआधीच आपल्याला कळलेलं असतं. मग उरते भीती. कोणी त्याला मान दिला, प्रेमानं जवळ केलं की आपल्या पोटात गोळा येतो, कारण खोलीत खरं माहीत असलेले दोघंच : तो आणि आपण. हीच कथा तृतीयपुरुषात लिहिली असती, तर आपण बाहेरून तमाशा बघणारे झालो असतो. इथं आपण त्याच्याबरोबर लपलेले असतो, आणि मार पडतो तेव्हा बाजूला व्हायला जागा नसते. शिवाय ते 'होती' बघा. हा माणूस त्यातून वाचून आता सांगतोय. त्याला कोणी जागा दिलेली नाही, ती त्यानं घेतलीय.

माझ्या कथेत मी बागुलांच्या 'मी'च्या जागेवर जाऊन बसलो होतो आणि सोय मास्तरची ठेवली होती. फडावर मी कधी गेलेलो नाही. पाचटाचा वास मी यूट्यूबवर बघून लिहिला होता, आता हे लिहिताना हसू येतं. मी होतो तो वर्गात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरायची तेव्हा तिसऱ्या बाकावरची माझ्या शेजारची जागा रिकामी असायची. मला त्याचं वाईट वाटायचं का? खरं सांगायचं तर दप्तर ठेवायला जागा व्हायची म्हणून बरं वाटायचं. हजेरीत त्याचं नाव आलं की कोणीतरी ओरडायचं, 'कारखान्याला!' आणि सर पुढचं नाव घ्यायचे.

कथा तिथून पुन्हा लिहिली. आता ती दप्तर ठेवणाऱ्या मुलाची आहे. मित्राच्या बापानं मुकादमाकडून उचल किती घेतली हे त्या मुलाला ठाऊक नाही, म्हणून कथेतही नाही. फड नाही, कोयता नाही. मित्र परत येतो तो रापलेला, दोन बोटं उंच झालेला, आणि आपल्या जागेवरचं दप्तर उचलून मुकाट्यानं बाकाखाली ठेवतो. शेवटी धक्का नाही म्हणून ती एका ठिकाणाहून परतही आली.

मित्राला पाठवली. चार दिवस निळ्या टिका दिसत होत्या. मग मेसेज आला : 'आम्ही आलो तेव्हा वार्षिक परीक्षा झालेली नव्हती, व्हायची होती. मी पेपर दिलेत. तेवढं दुरुस्त कर.'