एकट्याचा डाव

कोणत्याहि कृतीचें परीक्षण करावयाचें तर तिनें काय देऊं केलें होतें आणि प्रत्यक्षांत काय दिलें, हें आधीं पाहिलें पाहिजे. कादंबरीस व नाटकास आपण हा न्याय लावतों; मग घरोघर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमलाच सूट कां? पोरखेळ म्हणून वडील मंडळी त्याकडे काणाडोळा करतात. परंतु खेळणाऱ्यांची एक तक्रार गेलीं कित्येक वर्षें चालू आहे, व ती ऐकून घेण्यासारखी आहे. क्रीडाविषयक गेममध्यें एकट्यानें खेळावयाचा जो भाग असतो, त्याची कर्त्यांनीं उपेक्षा मांडली आहे, अशी ती तक्रार.

या भागास बहुधा ‘करिअर मोड’ म्हणतात. क्रिकेटचें उदाहरण घेऊं. २००६ सालच्या ‘क्रिकेट ०७’मध्यें सामने होते, स्पर्धा होत्या, एका खेळाडूचें आयुष्य मात्र नव्हतें. तें मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजनें २०१४ सालीं ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’मध्यें दिलें. तेथें खेळणारा सोळा वर्षांच्या एका अनोळखी पोराची भूमिका घेतो. सबंध संघ त्याच्या हातीं नसतो. आपली पाळी आली कीं फलंदाजी करावयाची, बाद झालें कीं तंबूंत परतावयाचें, आणि धावा जमवीत राष्ट्रीय संघाच्या निवडीची वाट पाहावयाची. शून्यावर बाद झाल्याची हळहळ आणि पुढल्या सामन्यांतील अर्धशतकाचें समाधान हीं येथें एकाच चरित्राचीं प्रकरणें होतात.

अमरावतीच्या राजापेठेंत राहणाऱ्या मुलास याचें मोल विशेष आहे. यष्टिरक्षक जितेश शर्मा यांचा जन्म १९९३ सालीं अमरावतीस झाला; विदर्भाकडून खेळत ते २०२३ सालीं भारतीय संघांत पोंचले. विदर्भानें २०१७-१८ व २०१८-१९ असा लागोपाठ दोनदां, आणि पुन्हां २०२४-२५ मध्यें रणजी करंडक जिंकला. वऱ्हाडांतून भारतीय संघाकडे जाणारी वाट आतां खरोखरीची वाट आहे, आणि ती मनानें चालून पाहण्याची सोय एकट्याच्या डावांत आहे. जोडीला गडी नसला, इंटरनेट मध्येंच तुटलें, अभ्यास आटोपून रात्रीं अर्धाच तास उरला, तरी असा डाव अडूं नये. जेथें थांबला तेथून पुढें चालावा.

सचिन तेंडुलकर यांच्या कारकीर्दीवर आधारलेला ‘सचिन सागा क्रिकेट चॅम्पियन्स’ हा गेम पुण्याच्या जेटसिंथेसिसकडून २०१७ सालीं आला. थोर खेळाडूच्या जागीं उभें राहण्याची हौस त्यानें भागते. पण तें चरित्र आधींच लिहून झालेलें आहे. दुसऱ्याचें चरित्र वाचणें आणि स्वतःचें घडविणें यांत जें अंतर, तेंच येथें राहतें.

उपेक्षेचें खरें कारण फुटबॉलच्या गेममध्यें दिसतें. ई.ए. कंपनीच्या ‘फिफा १७’मध्यें (२०१६) अ‍ॅलेक्स हंटर नांवाच्या तरुण खेळाडूची कथा आली, ती तीन भागांत चालून ‘फिफा १९’बरोबर संपली. करिअर मोड उरला; पण दोन-चार हंगामांत समालोचकाचीं तींच वाक्यें आणि वार्ताहरांचे तेच प्रश्न कानीं येऊं लागतात, असें खेळणारे कंटाळून सांगतात. इकडे २००९ सालीं सुरू झालेला ‘अल्टिमेट टीम’ हा भाग मात्र भरभराटीस आला. त्यांत खेळाडूंचे पत्ते बंद पाकिटांतून मिळवितात. पाकिटासाठीं पैसेहि मोजतां येतात, आणि आंत कोण निघेल याचा भरंवसा नसतो. मार्च २०२१ अखेरच्या वर्षांत या प्रकारानें कंपनीस सुमारें १६२ कोटी डॉलर मिळवून दिले. एकूण उत्पन्नाच्या २९ टक्के. एकटा खेळणारा पैसे एकदांच देतो, पाकिटें घेणारा वर्षभर देत राहतो. कर्त्यांचें लक्ष कोणीकडे वळावें, हें निराळें सांगावयास नको.

व्यापाऱ्यानें नफा पाहूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. आक्षेप इतकाच कीं, दरवर्षीं नव्या अंकाची पुरी किंमत घेऊन त्यांतील एक भाग जवळजवळ जुनाच द्यावयाचा, हा सचोटीचा व्यवहार नव्हे. २०२० सालीं अमेरिकन फुटबॉलच्या ‘मॅडन एनएफएल २१’विषयीं खेळणाऱ्यांनीं असाच गिल्ला केला, तेव्हां कंपनीला त्याच गेमच्या ‘फ्रँचायझी’ भागांत सुधारणा करण्याचें वचन द्यावें लागलें. म्हणजे मागणी नव्हती असें नाहीं. ती मोठ्यानें करावी लागली.

खेळ म्हणजे सोबत, एकट्याचा कसला खेळ, असें कोणी म्हणेल. त्यानें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या शहरांत तरी असें म्हणूं नये. १९१४ सालीं स्थापन झालेल्या त्या संस्थेनें ज्या देशी व्यायामांची जोपासना केली, त्यांत मल्लखांब आहे. आणि मल्लखांबावर माणूस एकटाच चढतो. तेथें त्याची चढाओढ कालच्या स्वतःशीं असते. करिअर मोडची गोडीहि तीच आहे.

त्या गोडीस फार मोठा खर्च लागतो असें नाहीं, स्मृति लागते. गेल्या वर्षीं आपणांस बाद करणारा गोलंदाज यंदा तें आठवणारा असावा. निवड हुकली तर कारण कळावें. वय वाढावें, हात मंदावावा, निवृत्तीचा दिवस यावा. एवढें ज्यांत नाहीं, त्या गेमनें वेष्टणावर ‘करिअर’ हा शब्द छापूं नये. आणि परीक्षकांनींहि नव्या चित्रांची झळाळी पाहून त्याची भलावण करूं नये.