‘श्वेश्वे’ : नाव आणि परंपरा

दक्षिण आफ्रिका व लेसोथो येथे ‘श्वेश्वे’ या नावाने प्रसिद्ध असलेले निळीचे छापील सुती कापड त्या प्रदेशाचे पारंपरिक वस्त्र मानले जाते. सोथो स्त्रिया लग्नकार्यात त्याचे झगे घालतात. खोसा समाजात तो नववधूचा वेष होय. या नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगतात. फ्रेंच मिशनऱ्यांनी १८४० नंतरच्या दशकात बसोथो राजा पहिला मोश्वेश्वे यास हे कापड भेट दिले व त्याच्यावरून हे नाव पडले, असे एक मत आहे. खळ दिलेल्या नव्या कापडाची सळसळ या नावात उतरली, असे दुसरे मत.

ही मते परस्परविरोधी मानण्याचा प्रघात आहे. तथापि तो विरोध दिसतो तितका पक्का नाही. सोथो भाषेत कापडाला ‘सेश्वेश्वे’ म्हणतात. यातील ‘से’ हा उपसर्ग ‘सेसोथो’ या शब्दात रीत व भाषा दर्शवितो, परंतु ‘सेआपारो’ म्हणजे वस्त्र या साध्या वस्तुनामातही तो आढळतो. अर्थात केवळ उपसर्गावरून निर्णय होत नाही. शिवाय खुद्द राजाचे नावही परंपरेने ध्वन्यनुकारीच मानले आहे : शत्रूची गुरे आपण वस्तऱ्याने दाढी करावी तशी साफ नेली, अशी त्याची बढाई त्यात आहे, असे सांगतात. वाद राजा व ध्वनी यांचा. पण राजाचे नावही अखेर ध्वनीपाशीच पोचते.

खरा दोष निराळाच आहे. नावावरून वस्तूचे जन्मस्थान कळते, हे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. खोसा भाषेतील ‘उजामानी’ हे नाव जर्मनांकडे बोट दाखविते. १८५८-५९ मध्ये पूर्व केप प्रांतात जर्मन वसाहतवाले आले होते. आफ्रिकान्समधील ‘सिस’ हा शब्द डच ‘सित्स’वरून आला आणि त्याचे मूळ भारतीय ‘छीट’, म्हणजे आपली ‘चीट’. प्रत्यक्षात विसाव्या शतकात दीर्घकाळ हे कापड लँकेशरमध्ये छापले जात होते, आणि यांपैकी एकाही नावात लँकेशरचा मागमूस नाही! नावाने स्मरण ठेवले ते देणाऱ्याचे व आणणाऱ्याचे, करणाऱ्याचे नव्हे.

१९८२ मध्ये पूर्व केपमधील झ्वेलित्शा येथे दा गामा टेक्स्टाइल्स या गिरणीने याचे उत्पादन सुरू केले. १९९२ मध्ये ‘तीन मांजरे’ या छापाचे हक्क व तांब्याचे कोरीव रूळही तिने इंग्लंडमधून घेतले. या रुळांवरून सौम्य आम्ल लागले की निळा रंग उडून पांढरी नक्षी उमटते. खळ मूळची लांबच्या सागरी प्रवासासाठी, असे सांगतात. देशातच छपाई होऊ लागल्यावर ते कारण संपले. तरी खळ राहिली. कारण गिऱ्हाईक कापड हाताने चुरगाळून, हुंगून, प्रसंगी जिभेने चाखून अस्सलपणा पारखीत असे. स्वस्त नकला बाजारात आल्यावर हीच पारख कामी आली.

अस्सलपणा उगमावर अवलंबून असता, तर मँचेस्टरचा मालही नक्कलच ठरला असता. तो तसा ठरला नाही, यातच परंपरेचे स्वरूप स्पष्ट होते. व्युत्पत्ती हा संपर्काचा इतिहास आहे. तिला वस्तूचा जन्मदाखला मानणे ही अभ्यासकाची चूक होय. नेसणाऱ्यांनी मात्र ती कधी केली नाही.