पुरेसं म्हणजे किती? : ‘डेटा सफिशियन्सी’ प्रश्नांची चिकित्सा

कादंबरीवर टीका होते, नाटकावर होते, सिनेमावर तर रोजच होते. परीक्षेतल्या प्रश्नावर मात्र कुणी टीका लिहीत नाही. तो सोडवायचा, गुण मोजायचे आणि विसरायचा. आज मी एका प्रश्नप्रकारालाच टीकेचा विषय करणार आहे. बिझनेस स्कूलच्या प्रवेशासाठी जी जीमॅट परीक्षा द्यावी लागते, तिच्यातला हा प्रकार: डेटा सफिशियन्सी, म्हणजे दिलेली माहिती पुरेशी आहे की नाही ते ठरवा. कॅटच्या जुन्या पेपरांत हे प्रश्न यायचे, बँकांच्या परीक्षांत येतात, आणि अलीकडे यूपीएससीच्या सीसॅटमध्येही दिसायला लागलेत. त्यामुळे परदेशी जाणाऱ्या चार पोरांपुरता हा विषय राहिलेला नाही.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी स्वरूप सांगतो. एक प्रश्न असतो आणि खाली दोन विधानं असतात. पर्याय पाच, आणि ते कधीच बदलत नाहीत. ए म्हणजे पहिलं विधान एकटं पुरतं, दुसरं एकटं पुरत नाही. बी म्हणजे याच्या उलट. सी म्हणजे दोन्ही मिळून पुरतात, एकेकटी नाही. डी म्हणजे प्रत्येक एकटं पुरतं. ई म्हणजे दोन्ही मिळूनही पुरत नाहीत. उत्तराचा आकडा कुणी विचारतच नाही!

आणि इथेच आपली पोरं अडखळतात. आपल्या शाळेत गणित म्हणजे ‘किंमत काढा’. बोर्डाच्या पेपरात पायरीला गुण, शेवटी उत्तर, उत्तराखाली दोन रेघा. दहा-बारा वर्षं हात त्याच वळणावर गेलेला असतो. आता त्याच हाताला सांगायचं, की बाबा रे, उत्तर निघेल एवढं कळलं ना, मग थांब, काढू नकोस. गणित चांगलं असलेल्या मुलालाच हे जास्त जड जातं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. अर्धवट सोडलेलं गणित त्याला अक्षरशः टोचतं.

आता क्लासवाले काय करतात ते पाहू. तिथला सगळ्यात लाडका नियम असा: दोन अज्ञात असतील तर दोन समीकरणं लागतात, म्हणजे डोळे मिटून सी. हा नियम किती घातक आहे, ते एका उदाहरणात दाखवतो.

एकाने काही पेनं आणि काही वह्या घेतल्या. पेन १३ रुपयांना, वही २९ रुपयांना. वह्या किती घेतल्या? पहिलं विधान: एकूण २०० रुपये झाले. दुसरं विधान: एकूण ८ वस्तू घेतल्या.

नियमवाला लगेच सी लिहितो. दोन अज्ञात, दोन समीकरणं, झालं. पण जरा थांबून २०० मधून २९-२९ वजा करत चला. १७१, १४२, ११३, ८४, ५५, २६. यांतल्या कोणत्या आकड्याला १३ ने पूर्ण भाग जातो? फक्त २६ ला. म्हणजे ६ वह्या आणि २ पेनं, दुसरी शक्यताच नाही. कारण अर्धी वही कुणी विकत नाही. पहिलं विधान एकटं पुरलं. ८ वस्तू एवढंच कळून तर काहीच ठरत नाही. उत्तर ए.

आता किमती बदला. पेन १० रुपये, वही ३० रुपये. विधानं तीच, २०० रुपये आणि ८ वस्तू. आता २०० रुपयांत १७ पेनं आणि १ वही येते, १४ पेनं आणि २ वह्या येतात, ११ आणि ३ येतात. पहिलं विधान एकटं पुरत नाही. ८ वस्तूंची अट जोडली की पुन्हा ६ वह्या आणि २ पेनं. उत्तर सी.

गंमत बघा, वह्या दोन्ही वेळा सहाच आहेत. समीकरणांची संख्या तीच, अज्ञात तेवढीच, विधानं शब्दशः तीच. तरी एकदा ए आणि एकदा सी. समीकरणं मोजणाऱ्याला हा फरक दिसूच शकत नाही. चांगल्या डेटा सफिशियन्सी प्रश्नाचं मोठेपण मला यात दिसतं. तो पाठांतराला आत येऊ देतो, खुर्ची देतो, आणि मग चुकीचा पर्याय हातात ठेवतो. (हशा)

दुसरा गोंधळ ‘हो की नाही’ प्रकारात होतो. ‘न ही मूळ संख्या आहे का?’ विधान असं: न ही २४ ते २८ मधली पूर्ण संख्या आहे, दोन्ही टोकं धरून. २४, २५, २६, २७, २८. यांत एकही मूळ संख्या नाही. तेव्हा उत्तर ठाम ‘नाही’, आणि ठाम ‘नाही’ म्हणजे माहिती पुरेशी. पण मुलं काय करतात? ‘नाही’ आलं की विधानालाच नापास करतात. न नेमका किती हे कळलं नाही, याचीही त्यांना रुखरुख लागते. तो विचारलाय कुणी?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि क्लासच्या नोट्समध्ये तिला जेमतेम एक ओळ असते. दुसरं विधान वाचताना पहिलं विसरायचं. ‘क्ष ची किंमत किती? पहिलं: क्ष धन आहे. दुसरं: क्ष चा वर्ग ४९ आहे.’ दुसरं वाचलं की मन पटकन म्हणतं, सात. आणि बी वर खूण होते. पण दुसरं विधान एकटं उणे सातही चालवून घेतं. ‘धन’ हा शब्द पहिल्या विधानातून गुपचूप चालत आला. हे उदाहरण सोपं आहे म्हणून तुम्हाला हसू येतंय. विधानं तीन-तीन ओळींची असली आणि समोर घड्याळ चालू असलं, की हीच चोरी भल्याभल्यांना दिसत नाही. ऐकलेलं ठरवून बाजूला ठेवणं ही सवय आपल्याला कुठल्याच वर्गात कुणी लावत नाही.

‘आधी ए-डी, नाहीतर बी-सी-ई’ ही क्लासची युक्ती मात्र मला मान्य आहे. पहिलं विधान पुरलं तर ए किंवा डी, नाही पुरलं तर उरलेले तीन. हिशेब नीट राहतो. फक्त तिला पद्धत म्हणू नये, ती खतावणी आहे.

आता एक देखणा प्रश्न. क्ष हा य पेक्षा मोठा आहे का? पहिलं: क्ष चा वर्ग य च्या वर्गापेक्षा मोठा. दुसरं: क्ष अधिक य शून्यापेक्षा जास्त. पहिलं एकटं पुरत नाही, कारण क्ष उणे तीन आणि य एक घेतला की फसतं. दुसरं एकटंही नाही. पण दोन्ही मिळून? वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. गुणाकार धन आहे, त्यातली बेरीज धन आहे, मग वजाबाकीही धनच. क्ष मोठा. एकही आकडा सापडला नाही, तरी सगळं सिद्ध झालं.

हे सगळं कौतुक झालं. आता तक्रार.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅटचं नवं रूप आलं. त्याआधी गणिताच्या विभागात ३१ प्रश्न आणि ६२ मिनिटं होती, आणि त्यात साधे प्रश्न व डेटा सफिशियन्सी मिसळलेले असायचे. एका प्रश्नात उत्तर काढा, पुढच्यात काढू नका. डोक्याचा गिअर सतत बदलायचा. नव्या रूपात हे प्रश्न गणितातून उचलून ‘डेटा इनसाइट्स’ विभागात नेले. तिथे २० प्रश्न, ४५ मिनिटं, आणि पडद्यावर कॅल्क्युलेटर. गणिताच्या विभागात कॅल्क्युलेटर नाही आणि इथे आहे! जिथे हिशेब न करणं हेच कसब, तिथेच हिशेबाचं यंत्र हाताशी. परीक्षक म्हणतील, त्या विभागात तक्ते-आलेख आहेत, त्यांच्यासाठी आहे. असेल. पण या प्रकाराचा स्वभाव त्यात थोडा मोडला, असं माझं मत आहे.

दुसरी तक्रार मुळातली आहे. या प्रश्नांत दोन्ही विधानं खरीच असतात आणि एकमेकांना कधी छेद देत नाहीत. एका विधानातून क्ष तीन आला आणि दुसऱ्यातून पाच, तर तुमचाच हिशेब चुकला असं खुशाल समजा. परीक्षेपुरती ही उत्तम तपासणी आहे. पण ही परीक्षा कुणासाठी आहे? उद्या धंदा चालवणाऱ्यांसाठी. मार्केट यार्डातल्या गाळ्यावर विक्रीची वही म्हणते ४० पोती गेली, गोदामाची वही म्हणते ३७. तिथे माहिती पुरेशी आहे का, यापेक्षा यातली खरी कोणती, हा प्रश्न आधी येतो. त्यासाठी सहावा पर्याय लागेल, आणि तो इथे नाही. शिवाय इथे माहिती फुकट मिळते. धंद्यात दुसरं विधान मिळवायला माणूस पाठवावा लागतो, दिवस जातो, पैसा जातो. पहिल्यावर भागत असताना दुसऱ्यामागे धावणं म्हणजे नुकसान. या अंगाने पाहिलं तर ए असताना सी लिहिणारा विद्यार्थी नुसता एक गुण घालवत नाही, तो न लागणारी माहिती विकत घेतोय. पण परीक्षेत त्याची चूक आणि ई लिहिणाऱ्याची चूक एकाच भावाने मोजली जाते.

शिकवणाऱ्यांसाठी एक सांगतो आणि थांबतो. मुलांपुढे प्रश्न ठेवा, पण दोन्ही विधानं कागदाने झाका. वहीत लिहायला सांगा: मला काय कळलं तर चालेल? पेन-वहीच्या प्रश्नावर बहुतेक जण लिहितील, एकूण रक्कम आणि एकूण वस्तू. मग कागद अर्धाच खाली सरकवा, रक्कम तेवढी दाखवा, आणि पाच मिनिटं कुणाला बोलू देऊ नका. कुणीतरी वजाबाकी करायला लागेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.